लेआउटागणिक प्लॉट नंबर एक

नागपुरात पत्ता विचारायचा म्हणजे आधी लेआउट सांगावा लागतो. नवखा माणूस त्रिमूर्तीनगरच्या एखाद्या चौकात उतरून "प्लॉट नंबर १ कुठे आला हो?" असं विचारतो, आणि पानठेल्यावर उभे असलेले सगळे उलट त्यालाच विचारतात, "कोन्त्या लेआउटचा भाऊ?" त्यांचं बरोबर असतं. या शहरात एक नंबरचे प्लॉट शेकड्यांनी आहेत. कोणीतरी आपलं शेत विकायला काढलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि नकाशावर १, २, ३ लिहीत गेला. शेजारच्या शेतवाल्यानेही पुढे तेच केलं. दोघांनी एकमेकांना विचारायची गरजच नव्हती. सुधार प्रन्यासाच्या कागदातले '५७२' आणि '१९००' लेआउट (अनधिकृत लेआउटांच्या दोन याद्यांची ही नावं) ज्यांच्या नशिबी आले, त्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. याच घराला महानगरपालिकेच्या टॅक्सच्या पावतीवर आणखी एक क्रमांक असतो आणि तो अख्ख्या शहरात दुसऱ्या कोणाचा नसतो. घरात मात्र तो कोणाला पाठ नसतो. माझ्या आईला विचारा, ती लेआउटचा नंबर झोपेतही सांगेल आणि टॅक्सच्या नंबरासाठी कपाट उपसत बसेल.

आयटी पार्कच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात नवीन पोरं आली की कंटेनरबद्दल, म्हणजे एकाच मशीनवर एखाद्या प्रोग्रामला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायच्या सोयीबद्दल, बोलताना मी फळ्यावर आधी हे दोन नंबर लिहितो. घर एक आहे आणि नंबर दोन आहेत. यातला खरा कोणता, हा प्रश्न विचारायचा नाही. कोण विचारतोय ते विचारायचं. पीआयडी नेमस्पेस, म्हणजे प्रत्येक कंटेनरला नंबरांची स्वतःची मोजणी, या प्रकरणात यापेक्षा अवघड काही नाही. बाकीच्या साऱ्या गमती आणि डोकेदुख्या याच एका गोष्टीतून निघतात, आणि त्या मात्र भरपूर आहेत.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालत्या प्रोग्रामला, एक आकडा मिळतो, तो पीआयडी. मशीन सुरू झाल्यावर पहिली उठते तिला १, मग पुढे वाढत जायचं. मर्यादा गाठली की मोजणी खाली परत येते आणि मधले मोकळे झालेले आकडे पुन्हा वाटले जातात. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, जुनी ठरलेली मर्यादा ३२,७६८ ची. ६४ बिटच्या मशीनवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते, आणि २०१९ पासून सिस्टिमडी, म्हणजे मशीन उठताना बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्राम, ती आपणहून तेवढी करून ठेवतं. या आकड्यावर सगळा कारभार चालतो. कोणाला थांबवायचं, कोणाच्या मेमरीत डोकावायचं, कोण कोणाचं लेकरू, हे सगळं आकड्याने. आणि पूर्वी आकड्यांचा हा तक्ता संपूर्ण मशीनचा मिळून एकच असे. एका सर्व्हरवर दहा गिऱ्हाइकांचं काम चालत असेल तर दहाही जणांना एकमेकांच्या प्रोसेसेसची यादी दिसायची. कमांडच्या ओळीत कोणी पासवर्ड लिहिला असेल तर तोसुद्धा.

आता दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. एकात सर्व्हरवर बाहेर बसलोय, दुसऱ्यात कंटेनरच्या आत. आतल्या टर्मिनलवर 'पीएस' ही चालू प्रोसेसेसची यादी देणारी कमांड मारली की दोन-चार ओळी येतात आणि आपला पायथन प्रोग्राम ऐटीत १ नंबरवर बसलेला दिसतो. बाहेरच्या टर्मिनलवर तीच कमांड दिली की शेकडो ओळी धावतात, आणि त्यात कुठेतरी मधोमध तोच पायथन, तीच मेमरी, तीच सुरू झाल्याची वेळ, पण नंबर २४८१७. मग बाहेरूनच /प्रॉक या प्रोसेसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतली /प्रॉक/२४८१७/स्टेटस ही फाइल उघडायची. त्यात 'एनएसपीआयडी' नावाची एक ओळ असते, तिच्यासमोर लिहिलेलं असतं: २४८१७, थोडी मोकळी जागा, आणि मग १. लेआउटचा नंबर आणि टॅक्सचा नंबर एकाच पावतीवर. ही ओळ कर्नलच्या ४.१ आवृत्तीत, म्हणजे २०१५ साली आली. त्याआधी कंटेनरमधला अमुक नंबर म्हणजे बाहेरचा कोणता, हे शोधायला आम्ही प्रोग्रामचं नाव आणि सुरू झाल्याची वेळ जुळवत बसायचो. त्या ओळीबद्दल माझ्या मनात फार प्रेम आहे. कर्नलमधल्या मोठमोठ्या करामतींपेक्षा अशा एका ओळीने माझ्या जास्त रात्री वाचवल्या आहेत.

कर्नलच्या पोटात हे कसं ठेवलंय तेही पाहण्यासारखं आहे. तिथे पीआयडी हा नुसता आकडा नाही. तो एक छोटा खण आहे, त्यात ही प्रोसेस किती पातळ्या खोल आहे ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येक पातळीसाठी एकेक आकडा. कंटेनरच्या आत कंटेनर चालवला तर तीन आकडे. अशा ३२ पातळ्यांपर्यंत उतरता येतं. त्याच्याखाली कोणाला जायचं असेल तर त्याने आधी आपल्या डिझाइनकडे पुन्हा बघावं. बाहेरच्याला आतल्या सगळ्या प्रोसेसेस दिसतात, त्याच्या स्वतःच्या नंबरांनी. आतल्याला मात्र बाहेरचं काहीच दिसत नाही. आतल्या १ नंबरने "माझा बाप कोण?" असं विचारलं तर उत्तर मिळतं शून्य. बाहेरून कोणी सिग्नल, म्हणजे 'थांब'सारखा निरोप, पाठवला तर पाठवणाऱ्याच्या जागीही शून्य. बाहेरच्या माणसाचा आतल्या हिशेबात नंबरच नाही, मग कर्नल सांगणार तरी काय?

मला वाटतं, इथे कर्नलवाल्यांनी मोठं शहाणपण दाखवलं. बाहेरचा नंबर पुसून आतला लावणं त्यांना जमलं असतं. तसं केलं असतं तर मशीन सांभाळणारा माणूस आंधळा झाला असता. त्यांनी दोन्ही नंबर ठेवले आणि कोणाला कोणता दाखवायचा एवढंच ठरवलं. इथे भिंत अशी कुठे बांधलेलीच नाही, तरी आतल्याला ओलांडता येत नाही. शेजारच्या कंटेनरमधल्या प्रोसेसला मारायचं तर तिचा नंबर हवा, आणि माझ्या हिशेबात तिला नंबरच नाही. ज्याला हाक मारता येत नाही त्याच्याशी भांडण कसं काढणार?

हे सगळं कशासाठी सुचलं, याचा इतिहास मला फार आवडतो, कारण मूळ कारण सुरक्षा हे एकटंच नव्हतं. वेगळं राहण्याची हौस युनिक्सला, म्हणजे लिनक्स ज्याच्या वळणावर बनलं त्या सिस्टिमला, जुनीच. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आलं, त्याने प्रोसेसचं फाइलींचं जग छोटं केलं. २००० साली युनिक्सच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीने 'जेल' आणून त्यात बाकीच्या गोष्टींचीही भर घातली. लिनक्सवर या कामात ओपनव्हीझेड या कंटेनर-प्रकल्पाची मंडळी होती. त्यांना चालतं कंटेनर जसंच्या तसं गोठवून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर न्यायचं होतं. त्यात अडचण अशी की प्रोग्रामने आपला नंबर, आपल्या लेकरांचे नंबर मनात धरून ठेवलेले असतात. नव्या मशीनवर तो नंबर आधीच दुसऱ्या कोणाकडे असला तर? प्रत्येक कंटेनरला स्वतःची मोजणी दिली की हा प्रश्नच मिटतो. आतला नंबर सोबत घेऊन जायचा, बाहेरचा तिथे गेल्यावर नवा मिळेल. ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव्ह, आयबीएमचे सुकदेव भट्टिप्रोलू, नेमस्पेसची एकूण मांडणी लावून धरणारे एरिक बिडरमन अशा लोकांच्या कामातून ही गोष्ट लिनक्स २.६.२४ मध्ये उतरली. तो जानेवारी २००८. विदर्भात तेव्हा भारनियमनाचे दिवस होते आणि आमच्या भागात दिवसाचे कित्येक तास वीजच नसे. जगात कोणीतरी चालता प्रोग्राम उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवायच्या खटपटीत आहे, हे आम्हाला कळलं असतं तर आम्ही इन्व्हर्टरकडे बघून हसलो असतो. कंटेनर बनवायचं-चालवायचं साधन डॉकर लोकांसमोर आलं ते २०१३ च्या मार्चमध्ये. म्हणजे ज्याला आज पोरं डॉकरची जादू म्हणतात, ती त्याच्या पाच वर्षं आधीपासून कर्नलमध्ये पडून होती.

डॉकर बाजूला ठेवून हे हाताने करून बघावं, असा माझा आग्रह असतो. 'अनशेअर' नावाची कमांड असते, तिला नवीन पीआयडी नेमस्पेस मागायची. इथे पहिली ठेच लागते. जिने वेगळं व्हायचं मागितलं, ती प्रोसेस स्वतः वेगळी होतच नाही. ती आपल्या जुन्याच नंबरावर, जुन्याच घरात राहते. नवी मोजणी सुरू होते तिच्या लेकरांपासून. चालू आयुष्यात मधेच कोणाचा नंबर बदलायचा नाही, हा कर्नलचा दंडक आहे, कारण कितीतरी प्रोग्राम आणि लायब्ररी आपला नंबर एकदा विचारून लक्षात ठेवतात. म्हणूनच /प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नावाने दोन वेगळ्या नोंदी सापडतात: एक, ती स्वतः कुठल्या नेमस्पेसमध्ये आहे, दुसरी, तिची लेकरं कुठे जन्माला येतील. आणि एकदा खाली उतरलं की वर जायला जिना नाही. आतल्या नेमस्पेसमध्ये शिरता येतं, बापाच्या नेमस्पेसमध्ये परत चढता येत नाही.

'अनशेअर'ला नवीन लेकरू काढायला सांगायचं विसरलं तर आणखी मजा. पहिली एखादी छोटी कमांड चालते, संपते, आणि त्यानंतर प्रत्येक कमांडला शेल, म्हणजे आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम, सांगतो की मेमरी मिळत नाही. मशीनमध्ये कित्येक जीबी मेमरी मोकळी पडलेली! खरी गोष्ट अशी की ती पहिली छोटी कमांडच त्या नव्या नेमस्पेसची १ नंबर झालेली असते. ती संपली म्हणजे घरच संपलं. आता तिथे कोणी जन्माला येऊ शकत नाही. कर्नलला हे सांगायला दुसरा नेमका शब्द सापडला नाही म्हणून त्याने मेमरीच्या नावाची चिठ्ठी दिली. असल्या चुकीच्या चिठ्ठ्यांवर माझा राग आहे. शिकणाऱ्याचा अर्धा दिवस रॅम मोजण्यात जातो.

दुसरी ठेच 'पीएस'ची. नेमस्पेस नवीन झाली, शेलने स्वतःचा नंबर १ सांगितला, आणि 'पीएस' मारलं तर सगळ्या मशीनची यादी समोर! पोरं घाबरतात, वेगळेपण झालंच नाही म्हणतात. झालेलं असतं. 'पीएस' बिचारं कर्नलला काही विचारत नाही, ते /प्रॉकची डिरेक्टरी वाचतं, आणि /प्रॉक ज्याने माउंट केलं, म्हणजे फाइलींच्या झाडाला जोडलं, त्याच्या नेमस्पेसची यादी दाखवत राहतं. जुनं माउंट तसंच आहे, म्हणून जुनी यादी. त्या यादीतला एखादा नंबर घेऊन 'किल' ही सिग्नल पाठवायची कमांड मारून बघा, उत्तर येतं की अशी प्रोसेसच नाही. डोळ्यांना दिसतंय आणि हाताला लागत नाही. आतून /प्रॉक नव्याने माउंट केलं की दोन्ही जुळतात.

या झाल्या पहिल्या आठवड्यातल्या गोष्टी. खरी गंमत १ नंबरची आहे. युनिक्सच्या घरात १ नंबर म्हणजे 'इनिट', घरातलं थोरलं माणूस. त्याला दोन कामं आणि एक कवच. कवच असं की कर्नल त्याला सहजासहजी मरू देत नाही. ज्या सिग्नलसाठी त्याने स्वतः काही तजवीज लिहून ठेवली आहे तेवढाच सिग्नल त्याच्यापर्यंत पोचतो, बाकीचे परस्पर गिळले जातात. बाकी कुठल्याही प्रोसेसला 'टर्म', म्हणजे 'आवर आणि थांब' असा सिग्नल, आला आणि तिने काही ठरवून ठेवलं नसेल तर ती गपगार मरते. १ नंबरला काहीच होत नाही.

आमच्याकडे काटोलचा एक पोरगा आहे, हुशार, रात्रीच्या डिप्लॉयला कधी नाही म्हणत नाही. एप्रिलचा महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि त्याचं एक कंटेनर थांबवायला सांगितलं की दरवेळी दहा सेकंद खायचं. त्याने आत शिरून थेट उपाय केला.

"सर, हे तं मरूनच नाही राहिलं."

"काय मारलं?"

"किल नऊ मारलं न सर. एक नंबरले. काही एरर बी नाही देऊन राहिलं, अन् मरून बी नाही राहिलं."

मी त्याला खुर्ची ओढून बाहेरच्या टर्मिनलवर बसवलं, त्या 'एनएसपीआयडी'च्या ओळीतून बाहेरचा नंबर शोधायला लावला आणि म्हटलं, आता याला मार. एंटर दाबलं आणि कंटेनर त्याच क्षणी गेलं. तो काही वेळ स्क्रीनकडे बघतच राहिला. एरवी कोणालाही टाळता न येणारा नऊ नंबरचा सिग्नलसुद्धा आतून मारला तर १ ला लागत नाही आणि किल कमांड मुकाट्याने यशस्वी झाल्याचं सांगते. बाहेरून, म्हणजे वरच्या नेमस्पेसमधून मारलेला मात्र लागतोच. वरून आलेल्या नऊसमोर कवच चालत नाही.

दहा सेकंदांचं कोडंही यातच आहे. डॉकरला थांबव म्हटलं की ते आधी सभ्यपणे 'टर्म' पाठवतं, दहा सेकंद वाट पाहतं आणि मग नऊ नंबरचा दांडका उचलतं. आपल्या पायथन प्रोग्रामने 'टर्म'साठी काहीच लिहिलेलं नव्हतं. साध्या मशीनवर त्याने काही बिघडत नव्हतं, तिथे तो १ नंबर नसायचा. इथे १ वर बसला आणि तोच सभ्य निरोप कर्नलने दारातच फेकून दिला. मग दहा सेकंदांनी दांडका, आणि बाहेर पडतानाचा कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. अर्धवट राहिलेले व्यवहार, न मिटलेली डेटाबेसची कनेक्शनं वेगळी. सिग्नल पकडणाऱ्या चार ओळी लिहिल्या की संपलं. स्टार्ट करणारी शेल स्क्रिप्ट असेल तर शेवटच्या कमांडआधी 'एक्झेक' लिहायचं, म्हणजे शेल आपली जागा त्या कमांडला देतो, नाहीतर १ वर शेलच बसून राहतो आणि आलेला निरोप आत पोचवत नाही.

१ च्या कामांपैकी पहिलं म्हणजे जिवंत राहणं. तो मेला की कर्नल त्या नेमस्पेसमधल्या झाडून सगळ्या प्रोसेसेसना नऊ नंबर मारतो. कंटेनर थांबवलं की आतलं काही मागे उरत नाही, याचं श्रेय याला आहे. पूर्वी एखादी सर्व्हिस थांबवली तरी तिची दोन-तीन भुतं मशीनवर हिंडत राहायची आणि आम्ही नंबर शोधत फिरायचो. तो त्रास गेला, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरं काम अनाथांचं. लेकरू मेलं की त्याच्या बापाने येऊन त्याचा निकाल विचारून न्यायचा असतो. तोवर ते तक्त्यात नुसत्या नावाने पडून राहतं, त्याला झोंबी म्हणतात. बापच आधी मेला तर लेकराची जबाबदारी १ नंबरवर येते. खऱ्या इनिटला हे ठाऊक असतं, तो येणाऱ्या प्रत्येक अनाथाचं शेवटचं करतो. आपला वेब सर्व्हर किंवा नोडवर चालणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम १ वर बसवला तर त्याला आपण पैदा केलेली लेकरं तेवढी माहीत; ही दत्तक आलेली कोण, याचा त्याला पत्ताच नसतो. एका कामात आम्हाला पावत्यांच्या पीडीएफ बनवायच्या होत्या. प्रत्येक पावतीसाठी आतल्या आत एक बिनखिडकीचा क्रोमियम ब्राउझर उघडायचा, पान छापायचा, बंद व्हायचा. बंद होताना तो आपली काही लेकरं मागे ठेवायचा, ती नोडच्या गळ्यात पडायची आणि 'डिफंक्ट' असा शिक्का घेऊन तक्त्यात पडून राहायची. सीपीयू नाही, मेमरी नाही, फक्त नंबर अडवायचा. महिनाअखेरीला पावत्या वाढल्या की नवीन प्रोसेस सुरूच होईना. यावर उपाय जुनाच आहे. 'टिनी' नावाचा एक चिमुकला प्रोग्राम १ वर बसवायचा. तो सिग्नल पुढे पोचवतो, अनाथांचं आवरतो, बाकी कशात तोंड घालत नाही. २०१७ च्या जानेवारीपासून, म्हणजे डॉकर १.१३ पासून, तो डॉकरसोबतच येतो. कंटेनर सुरू करताना एक पर्याय लिहायचा एवढंच. तो पर्याय आपोआप चालू का नसतो, हे मला अजून पटलेलं नाही.

झोंबींच्या या गोष्टीत एक बारीक मुद्दा दडलेला आहे. आतल्या प्रत्येक प्रोसेसला बाहेरही नंबर असतो, त्यामुळे आत पडलेला झोंबी बाहेरचाही एक नंबर अडवतो. नेमस्पेसने मोजणी वेगळी दिसली, पण नंबरांचं कोठार वेगळं झालं नाही. एका कंटेनरने बेसुमार प्रोसेसेस काढल्या तर शेजारच्या, काही संबंध नसलेल्या कंटेनरलाही नवीन प्रोसेस मिळेनाशी होते. हे आवरायला सीग्रुपचा, म्हणजे प्रोसेसेसच्या गटाच्या खर्चावर लगाम घालणाऱ्या सोयीचा, 'पिड्स' कंट्रोलर लागतो. तो लिनक्स ४.३ मध्ये, २०१५ च्या शेवटी आला, आणि नेमस्पेसशी त्याचा तसा काही संबंध नाही. कंटेनर म्हणजे एक सीलबंद डबा, अशी कल्पना घेऊन आलेल्याला हे पचायला वेळ लागतो. कर्नलमध्ये 'कंटेनर' नावाची वस्तूच नाही. नंबर दिसण्याची एक सोय, फाइली दिसण्याची दुसरी, नेटवर्कची तिसरी, खर्चावर लगाम घालण्याची आणखी वेगळी. त्या सगळ्या एकत्र बांधून वर नाव दिलं आपण.

दोन मोजण्या असल्या की त्यांचा मेळ घालणं आलं. मेमरी संपल्यावर कर्नल ज्या प्रोसेसला मारतो तिची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये बाहेरच्या नंबराने होते. आपल्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये असतो आतला नंबर. दोन्ही जुळवायला ती 'एनएसपीआयडी'ची ओळ हवी, आणि प्रोसेस मेल्यावर तिची /प्रॉकमधली फाइलही गेलेली असते. सुदैवाने नवे कर्नल त्याच नोंदीत सीग्रुपचा मार्ग लिहितात, त्यात कंटेनरचा लांबलचक आयडी सापडतो. लॉगच्या प्रत्येक ओळीत पीआयडी छापण्याची आपली जुनी सवय तर आता हास्यास्पद झाली आहे. आमच्या एका लॉगमध्ये तो रकाना वरून खालपर्यंत १, १, १, १ असा भरलेला होता. मी तो काढून टाकला आणि तिथे कंटेनरचा आयडी घातला.

पीआयडी फाइलचीही तीच गत. जुने सर्व्हर सुरू होताना आपला नंबर एका फाइलीत लिहून ठेवतात. पुढच्या वेळी सुरू होताना ती फाइल सापडली तर त्या नंबराची प्रोसेस जिवंत आहे का बघतात, असेल तर 'मी आधीच चालू आहे' म्हणून माघार घेतात. कंटेनर दांडक्याने मारलं गेलं, फाइल व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेलं तरी टिकणाऱ्या जागेत, राहिली. नवीन कंटेनर उठलं, प्रोग्राम १ वर बसला, फाइल उघडली. फाइलीत लिहिलंय १. १ नंबर जिवंत आहे का? आहे की! तो तर हाच. आणि स्वतःलाच बघून सर्व्हर सुरू व्हायचं नाकारतो. साध्या मशीनवर असा योग जवळपास येतच नाही, कारण दरवेळी नंबर वेगळा असतो. इथे दरवेळी तोच. कित्येक प्रोजेक्टांच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती फाइल आधी उडवून टाकणारी एक ओळ असते आणि ती का आहे हे कोणालाच माहीत नसतं. माहीत नसेल तरी ती काढू नये.

अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये या सगळ्याला आणखी एक वळण मिळतं. तिथे एका पॉडमध्ये अनेक कंटेनर असतात. ते नेटवर्क वाटून घेतात, पण नंबरांची मोजणी आपण सांगितल्याशिवाय वाटून घेत नाहीत. पॉडमध्ये एक 'पॉज' नावाचं कंटेनर गुपचूप बसलेलं असतं. त्याचा प्रोग्राम काहीही करत नाही, नुसता झोपतो. बाकीचे कंटेनर आले-गेले तरी पॉडची नेमस्पेस धरून ठेवायला कोणीतरी लागतं म्हणून तो. मोजणी एकत्र करायची असं पॉडच्या फाइलीत लिहिलं की हाच 'पॉज' सगळ्यांचा १ नंबर होतो आणि अनाथांना आवरण्याचं कामही त्याच्याकडे जातं. त्याच्या सी भाषेतल्या इवल्याशा कोडमध्ये तेवढी तजवीज आहे, आणि आपण १ नसलो तर कुरकुर करणारी एक सूचनाही. ही सोय कुबरनेटीसच्या १.१७ आवृत्तीत पक्की झाली. एका कंटेनरमध्ये बसून दुसऱ्याचा प्रोग्राम तपासायचा असेल तेव्हा ती फार कामाची. उलट बाजू अशी की कंटेनर एकमेकांना दिसू लागतात, त्यांच्या कमांडच्या ओळीसुद्धा, आणि आपला प्रोग्राम १ नंबरवर राहत नाही.

आम्ही एका पॉडवर ही सोय नुकतीच चालू केली. काटोलच्या पोराला एवढंच सांगितलंय की 'कॉन्फिग बदललं, एक नंबरला एचयूपी पाठव' असं जिथे जिथे आपल्या स्क्रिप्टांमध्ये लिहिलेलं असेल, तिथे आता तो सिग्नल 'पॉज'ला जाईल आणि आपला सर्व्हर जुन्याच कॉन्फिगवर चालत राहील. त्या ओळी हुडकून काढ. त्याने एका स्क्रिप्टमध्ये सापडल्याचं सांगितलंय, बाकीच्या शोधून राहिला आहे.